गड्ड्यावरच्या खेळण्यांची तपासणी आपल्या हातात आहे: सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

विषय: आयएसआय मार्क नसलेली खेळणी आणि बाळांच्या वस्तूंची जिल्ह्यातील विक्री, ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 16 व 17 अन्वये तक्रार

महोदय,

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या नियोजनाची बैठक आता लागेल. होम मैदानावरचे पाळणे, विजेच्या जोडण्या, आगीचे बंब, वाहतूक, नंदीध्वजांच्या मार्गावरचे खड्डे हे सगळं तिथे निघतं आणि निघायलाच हवं. यंदा त्यात एक विषय वाढवावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. गड्ड्यावर, म्हणजे होम मैदानावर भरणाऱ्या यात्रेच्या बाजारात, ओळीनं लागणाऱ्या खेळण्यांच्या स्टॉलवर काय विकलं जातं, तो माल कुठून येतो आणि तो लेकरांच्या हातात देण्याजोगा आहे का, हे कुणीतरी बघायला हवं.

माझं लहान मुलांच्या वस्तूंचं दुकान आहे. झबली, टोपडी, दुपटी, दुधाच्या बाटल्या, खुळखुळे, सेलवरची खेळणी, सगळं ठेवते. म्हणजे यात माझा धंद्याचा संबंध आहे, तो आधीच सांगून टाकते. परवाना असलेल्या कारखान्याचा माल पक्क्या बिलावर घेतला की कच्च्या बिलावरच्या मालाशी किमतीत निभाव लागत नाही. पण नुसत्या किमतीचं रडगाणं असतं तर मी ते व्यापारी संघाकडे नेलं असतं, आपल्याकडे आले नसते.

केंद्र सरकारनं 25 फेब्रुवारी 2020 ला खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला. 14 वर्षांखालच्या मुलांसाठीचं खेळणं देशात बनलेलं असो की बाहेरून आलेलं, त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) आयएसआय मार्क हवा आणि सोबत ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. हा आदेश उगाच आला नव्हता. 2019 मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा त्यातली सुमारे 67 टक्के नापास झाली होती. म्हणजे दिल्लीला दुखणं कळलं, औषधही लिहून झालं. ते औषध होम मैदानापर्यंत मात्र पोचलेलं नाही.

मागच्या गड्ड्यात घेतलेला एक खेळण्यातला मोबाइल सध्या माझ्या काउंटरवर आहे. एक ओळखीच्या बाई ‘याचे सेल मिळतील का’ म्हणून घेऊन आल्या होत्या. घरात दीड वर्षाचा नातू. मोबाइल हातात घेतला आणि मागचं झाकण नखानं सरकवलं, तर ते सरळ निघालं. त्याला स्क्रू नव्हताच. आतून बटणासारखे तीन सेल काचेवर पडले आणि एक घरंगळत खाली गेला. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक आहे. असे गिळता येण्याजोगे सेल अवजाराशिवाय बाहेर निघता कामा नयेत, हा त्यातला अगदी पायाचा नियम. एका स्क्रूचा खर्च तो किती असतो! बाईंना पिशवी आठवत होती. वर बाहुलीचं चित्र होतं म्हणाल्या. कंपनीचं नाव, पत्ता, किंमत, काहीच नाही.

हा सेल पोटात गेला तर काय होतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते, आपल्यालाही सांगते. तो अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओल्या आवरणातून वीज वाहायला लागते, जागेवरच तीव्र क्षार तयार होतो आणि आतलं मांस जळत जातं. रिमोट, वजनकाटा, चमकणारे दिवे यांत असतो तो 20 मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल सगळ्यांत वाईट, कारण तो लहान मुलाच्या नळीत नेमका बसतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. खेळण्यातले बारीक सेल बहुधा पोटातून पुढे निघून जातात, पण मुलानं नाकात घातले तर मधल्या पडद्याला भोक पाडतात. आणि वरून काही दिसत नाही. लाळ गळते, मूल जेवायला नको म्हणतं, खोकतं. घरच्यांना वाटतं सर्दी झाली. आपल्याकडे नाणं गिळलं की केळं खायला घालायची पद्धत आहे. सेलच्या बाबतीत केळं नको, उलटी काढणं नको, घटकाभर वाट बघणंही नको. सरळ सिव्हिल गाठायचं आणि एक्स-रे काढायचा. अमेरिकेत दीड वर्षाची एक मुलगी रिमोटमधला सेल गिळून दगावली. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि 2022 मध्ये त्या मुलीच्या नावानं तिथे सेलच्या झाकणांचा कायदा झाला. आपल्याकडे खेळण्यांपुरता नियम आधीपासून आहे. तो पाळला जातो की नाही, एवढंच बघायचं राहिलं आहे.

दुसरी वस्तू जेली बॉलची पुडी. मूळची फुलदाणीत घालायची शोभेची वस्तू, आता खेळण्यांच्या शेजारी टांगलेली असते. दोन-तीन मिलिमीटरचे रंगीत मणी पाण्यात टाकले की टपोरे फुगतात. पोटात गेले तरी फुगतातच. आतडं अडतं, मूल उलट्या करतं, आणि साध्या एक्स-रेत हे मणी दिसतही नाहीत. डॉक्टरांनी शोधायचं तरी काय? लोहचुंबकाच्या बारीक गोळ्यांचं असंच आहे. एक गेली तर एक वेळ निभावतं. दोन वेगवेगळ्या वेळी गेल्या तर आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकींना ओढून धरतात आणि मधे भोक पडतं.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मानकात एक नळी ठरवून दिली आहे, व्यास 31.7 मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. खेळणं किंवा त्याचा सुटणारा तुकडा न दाबता, कसाही ठेवून त्यात पूर्ण मावला, तर ते या वयाच्या मुलाला द्यायचं नाही. एवढी साधी परीक्षा आहे. आपल्या कार्यालयातला शिपाईसुद्धा ही नळी घेऊन स्टॉलवर फिरू शकेल. संक्रांतीच्या दिवसांत हे जास्त मनावर घ्यायला हवं, कारण बोरन्हाणात हल्ली बोरं, हलवा आणि शेंगांबरोबर गोळ्या-चॉकलेटं आणि चिमुकली प्लास्टिकची खेळणीही ओततात, आणि ती वेचायला खाली बसलेली मुलं दोन-तीन वर्षांची असतात. (शेंगदाण्याचीही भीती तेवढीच आहे, श्वासनळीत तो फार वाईट अडकतो. पण तो घरच्यांच्या हातातला विषय, प्रशासनाच्या नाही.)

दुधाच्या बाटलीबद्दल तर बोलायलाच नको, इतका जुना कायदा आहे. 1992 च्या कायद्यानं आयएसआय मार्कशिवाय दुधाची बाटली विकायला बंदी आहे. प्लास्टिकमधल्या बीपीए या रसायनाला बाटल्यांच्या 2015 च्या सुधारित मानकानं मनाई केली. तरीही आठवडा बाजारात कार्टूनची चित्रं असलेल्या बिनामार्कच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. काहींवर ‘बीपीए फ्री’ असं ठळक छापलेलं असतं, मार्क कुठेच नसतो. छापायला काय, कुणीही काहीही छापतं. तीन महिन्यांचं बाळ ज्यातून दिवसातून सहा वेळा दूध पितं, त्या वस्तूला तीस वर्षांहून जुना कायदाही जर वाचवू शकत नसेल, तर खेळण्यांच्या नव्या आदेशाचं काय होणार ते दिसतंच आहे.

चाकाच्या वॉकरवर आपल्याकडे बंदी नाही, म्हणून त्यावर आपण काही करा असं मी म्हणत नाही. कॅनडानं एप्रिल 2004 मध्ये त्याची विक्री आणि आयात बंद केली, जुना वॉकर दुसऱ्याला विकायलाही तिथे मनाई आहे. बारशाला वॉकर मागायला येणाऱ्यांना मी पांगुळगाडा दाखवते. त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून गाडा ढकलतं. वॉकरमध्ये ते आत बसून तरंगल्यासारखं धावतं आणि आईचं लक्ष जाईपर्यंत पायऱ्यांवर पोचतं.

आता मुख्य मुद्दा. ‘हे मानक ब्यूरोचं काम, त्यांना कळवा’ असं उत्तर आम्हाला सगळीकडे मिळतं. ब्यूरोचं शाखा कार्यालय पुण्याला, अडीचशे किलोमीटरवर. ते येतील तेव्हा येतील. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 नं जिल्हाधिकाऱ्यांना हात बांधून बसवलेलं नाही. कलम 17 म्हणतं, ग्राहकांच्या समूहाला बाधक ठरणाऱ्या गोष्टीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करता येते. कलम 16 नुसार अशा तक्रारीवर आपण आपल्या हद्दीत चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकता. कलम 20 खाली ते प्राधिकरण धोकादायक माल बाजारातून परत मागवायला लावू शकतं. हे पत्र मी त्या तक्रारीच्या नात्यानंच देते आहे, तशी त्याची नोंद व्हावी. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही आपणच आहात. कलम 8 नुसार तिच्या वर्षाला किमान दोन बैठका व्हायला हव्यात. त्यातली एक यात्रेआधी, या विषयावर घ्यावी.

शिवाय पुण्याहून कुणी येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. पिशवीबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, आयात माल असेल तर कोणत्या देशातला, हे छापणं 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनी बंधनकारक आहे. ते तपासणारे वैधमापन निरीक्षक जिल्ह्यातच आहेत. वजनकाटे तपासायला ते बाजारात येतातच, त्याच फेरीत खेळण्यांच्या पिशव्याही बघता येतील. नाव-पत्ता नसलेला माल बाजूला काढला की बिनामार्कच्या मालातला बराचसा त्यातच येईल. मार्क खरा की खोटा हे ‘बीआयएस केअर’ ॲपवर परवाना क्रमांक टाकला की जागेवर कळतं, कारण तिथे कारखान्याचं नाव आणि वस्तू दिसते. बाहुलीवर जर प्रेशर कुकरचा क्रमांक असेल तर तो उघडा पडतो.

एक विनंती मात्र हात जोडून करते. तपासणी म्हणजे गड्ड्यावर टोपली घेऊन बसलेल्या बाईची टोपली उचलून नेणं, असं होऊ देऊ नका. तिची वर्षभराची आस त्या पंधरवड्यावर असते आणि मार्क म्हणजे काय हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तिला माल देतो तो घाऊक व्यापारी शहरातच गोदाम घेऊन बसलेला आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. पावती मागितली की तो ‘लूज माल आहे, बिल नाही’ म्हणतो. चौकशी तिथून सुरू व्हावी. टोपलीवाल्यांना आणि स्टॉलवाल्यांना जागा देतानाच मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत एक कागद द्यावा: मार्क कसा दिसतो, कुठला माल घ्यायचा नाही, बिल का मागायचं. जागावाटपाच्या अटींत मार्क असलेल्याच खेळण्यांची अट घालावी. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत उत्पादकांना खेळण्यांच्या आदेशातूनच सूट आहे. म्हणजे चन्नपट्टणची लाकडी खेळणी विकणाऱ्या अशा कारागिराला उगाच कुणी हटकू नये, हेही त्या कागदावर असावं.

स्वस्त खेळण्यांना नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. विडी घरकुलात विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसते, बाळ शेजारी सतरंजीवर. पानं आणि तंबाखूकडे त्याचा हात जाऊ नये म्हणून त्याच्या हातात तिला काहीतरी द्यावंच लागतं, आणि ते तिच्या मजुरीत बसणारंच लागतं. मार्कचा खुळखुळा माझ्याकडे साठ रुपयांपासून आहे. बाजारात वीसचा मिळतो. तिनं वीसचा घेतला तर चूक तिची कशी म्हणायची? वीसच्या खुळखुळ्याचा रंग चाटला तर पोटात शिसं जात नाही ना, हे बघायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी ते बघायचं. मानकात खेळण्यातून सुटणाऱ्या शिशाची मर्यादा किलोला 90 मिलिग्रॅम आहे. तो आकडा तिला माहीत असण्याची काही गरज नाही.

गड्ड्यापासून सुरुवात करा म्हणते, कारण तारीख ठरलेली आहे, जागा एक आहे आणि सगळा जिल्हा तिथे येतो. तिथे जमलं की आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात तीच पद्धत नेता येईल. वारीतून परतताना नातवंडांसाठी पिपाणी किंवा गाडी घेतली नाही असा वारकरी क्वचितच.

माझ्या दुकानातला प्रत्येक माल, त्याची बिलं आणि परवाना क्रमांकांची वही आपल्या निरीक्षकांसाठी उघडी आहे, तपासणी माझ्यापासून सुरू केली तरी चालेल. वर लिहिलेला मोबाइल सेलसकट पाकिटात घालून या पत्राच्या प्रतीबरोबर आपल्या कार्यालयात आवक-जावक विभागात देते आहे. त्याची पोच आणि यात्रेच्या बैठकीत हा विषय घेतला जाणार की नाही, एवढं लेखी कळावं.

आपली,
मुलांच्या वस्तूंची एक दुकानदार,
नवी पेठ, सोलापूर