दुसरा डोस मिळत नाही, हेही छापा

महोदय,

जनुकोपचारावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माहिती ठीक आहे, पण 'एक इंजेक्शन आणि आजार गायब' हा सूर खटकला. एएव्ही नावाच्या विषाणूपासून जनुकवाहक कण तयार करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून लिहिते.

या कणाचे कवच तेवढे विषाणूचे; आतला जनुक आपण भरलेला. पेशींत तीन प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळे) सोडायचे, दोन-तीन दिवसांनी पेशी फोडायच्या आणि कण सीझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवायचे. मग नळीत दोन पांढुरके पट्टे दिसतात: वर रिकामी कवचे, खाली जनुक भरलेले कण. नळीच्या बाजूने सुई खुपसून खालचा पट्टा ओढताना हात हलला, की रिकामी कवचे मिसळलीच. ती उपचार काहीच करत नाहीत, पण प्रतिकारशक्ती त्यांच्यावरही तेवढ्याच त्वेषाने तुटून पडते.

आणि प्रतिकारशक्ती हे कवच विसरत नाही. एकदा डोस घेतला की रक्तात इतकी प्रतिपिंडे तयार होतात की त्याच कवचाचा दुसरा डोस सहसा वाया जातो. काहींच्या रक्तात ती आधीपासूनच असतात, कारण हा विषाणू निसर्गात असतो आणि काही त्रास न देता लागण करून जातो. म्हणून एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाळांना झोल्जेन्स्मा हे एएव्हीवर आधारित जनुकौषध देण्याआधी प्रतिपिंडांची तपासणी होते. डोसही केवढा, तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे 110 लाख कोटी कण! यकृताला झळ पोहोचू नये म्हणून आदल्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू करावे लागते.

शिवाय हा जनुक बहुतेक वेळा गुणसूत्रात शिरत नाही, केंद्रकात वेगळाच राहतो. चेतापेशी विभागत नाहीत, तिथे तो टिकतो. वाढत्या मुलाच्या यकृतात मात्र पेशी विभागत जातात तसा तो विरळ होतो. परिणाम ओसरला तर पुन्हा तेच इंजेक्शन देऊ, असे म्हणता येत नाही.

चाचणीत मूल दाखल करणाऱ्या आईवडिलांना हे सहीच्या आधी कळायला हवे. सुरुवातीच्या टप्प्यातला कमी डोस घेतला, तर त्याच कवचाच्या पुढच्या चांगल्या औषधाचे दारही बंद होऊ शकते. 1999 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील चाचणीत 18 वर्षांचा जेसी गेल्सिंगर डोसनंतर चार दिवसांत दगावला. तिथे वाहक अॅडेनोव्हायरस होता, म्हणजे विषाणू वेगळा. पण माकडांवर दिसलेले दुष्परिणाम संमतीपत्रात नव्हते, हे नंतर उघड झाले.

पुढच्या लेखासोबत एक चौकट द्यावी, ही विनंती. कोणते कवच वापरले आहे, प्रतिपिंडांची तपासणी कधी होणार, ती पॉझिटिव्ह आली तर दुसरा उपाय कोणता आणि आज डोस घेतल्यावर पुढे कोणत्या चाचण्यांत घेणार नाहीत, एवढे चार प्रश्न त्यात असले तरी पालकांना डॉक्टरांसमोर बसताना हाताशी काही राहील.

– जनुकवाहक प्रयोगशाळेतील एक वाचक