क्रूझच्या जाहिरातीत पूर्ण भाडं छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्यांचा सीझन जवळ आला की पेपरच्या शेवटच्या पानावर क्रूझच्या जाहिराती सुरू होतात. मोठ्ठं पांढरं जहाज, निळं पाणी, आणि खाली ठळक टाइपात एक आकडा आणि त्या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी. त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात असतो की माझ्या सासऱ्यांना भिंग घेऊनही तो लागत नाही. पोर्ट चार्जेस वेगळे, ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या कामगारांची रोजची टिप वेगळी, जीएसटी वेगळा, फ्युएल सरचार्ज लावायचा हक्क कंपनीकडे राखीव. माझं म्हणणं एवढंच आहे की जे पैसे भरल्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नाही ते सगळे त्या ठळक आकड्यात आलेच पाहिजेत, आणि बाकीचं काय घ्यायचं काय नाही ते खुशाल आमच्यावर सोडा.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते त्यामुळे बिल्डिंगमधले आणि नात्यातले लोक टूरची कोटेशन्स घेऊन माझ्याकडे येतात, बघ गं यात काय काय धरलंय म्हणून. मागच्या सीझनला मावशीचं आलं होतं, सिंगापूरहून निघणारी क्रूझ. मावशी एकटी, काका गेल्यापासून कुठे बाहेर पडली नव्हती, तिने जाहिरातीतला आकडा वहीत लिहून ठेवला होता आणि तेवढे पैसे एफडीतून मोडायची तयारीही केली होती. फोन केल्यावर कळलं की तो आकडा ट्विन शेअरिंगचा, म्हणजे केबिनमध्ये दोघं असतील तर माणशी एवढा, एकटीला केबिन हवी तर जवळजवळ दोघांचं भाडं. वर पोर्ट चार्जेस आणि टॅक्स. वर ग्रॅच्युइटी, ती जहाजावर डॉलरमध्ये भरायची. वर पाच टक्के जीएसटी आणि परदेशी टूर म्हणून टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, तो पुढे रिटर्नमध्ये वळता करता येतो पण भरायला तर आधीच लागतो. ट्रॅव्हल कंपनीतली मुलगी गोड बोलत होती, तिचा काही दोष नाही, तिला जे शिकवलंय ते ती सांगत होती, पण मावशीने वही मिटली आणि राहू दे म्हणाली. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पूर्ण आकडा पहिल्याच दिवशी छापलेला असता तर तिने त्या हिशोबाने सहा महिने आधी तयारी केली असती किंवा जोडीला माझ्या आईला घेतलं असतं.

आता ऑल-इन्क्लुझिव्ह की अ‍ॅड-ऑन, म्हणजे सगळं एकाच भाड्यात की हवं ते सुट्टं विकत, हा वाद. ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे काय ते नीट बघा. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी यांच्यासारख्या महागड्या लाइन्स, म्हणजे क्रूझ कंपन्या, दारू, वायफाय, टिप सगळं भाड्यात धरतात, रीजंट तर किनाऱ्यावरच्या बऱ्याच सहलीसुद्धा धरते. ते भाडंही तसंच तगडं असतं. मधल्या लाइन्सनी पॅकेजं काढलीत, प्रिन्सेसचं प्लस आणि प्रीमियर, ज्यात ड्रिंक्स, वायफाय आणि टिप्स एकत्र बांधून रोजाचा एक दर. ऐकायला छान वाटतं, एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही. पण आपल्याकडच्या एका नेहमीच्या कुटुंबाचा विचार करा ना, आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं. आजीला दोन वेळचा चहा आणि जेवणानंतर ताक मिळालं की झालं, आजोबांना रात्री गरम पाणी, मुलं मिळेल ते सरबत पिणार, आणि चहा, पाणी, बुफेतलं सरबत बहुतेक जहाजांवर भाड्यातच असतं. अशा घराने दारूचं पॅकेज भाड्यात का म्हणून भरायचं? जो दिवसभर बारवर बसणार आहे त्याचं बिल आमच्या आजीच्या तिकिटातून वसूल होणार. म्हणून मी ऑल-इन्क्लुझिव्हची सरसकट भक्त नाही, आपल्यातल्या बऱ्याच जणांना सुट्टं सुट्टं घेणंच परवडतं, शाकाहारी आणि न पिणाऱ्या माणसाला तर नक्कीच.

फक्त सुट्टं म्हणजे खरंच सुट्टं हवं. बऱ्याच जहाजांवर ड्रिंक पॅकेज घ्यायचं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायचं असा नियम असतो, रॉयल कॅरिबियनच्या डिलक्स बेव्हरेज पॅकेजला तसा आहे, म्हणजे नवरा पिणार असेल तर बायकोचंही भरा, ती लिंबूपाणी का पीत असेना. आणि बऱ्याच जहाजांवर बारवरच्या प्रत्येक ग्लासवर सर्व्हिसचे वेगळे टक्के आपोआप लागतात. वायफाय डिव्हाइसवर मोजतात, माणसावर नाही. ताज्या संत्र्याच्या रसाला पैसे आणि बाजूच्या मशीनमधल्या रंगीत सरबताला नाही, हे त्या काउंटरवर कुठे लिहिलेलं नसतं, मूल ग्लास उचलतं, कार्ड टॅप होतं, झालं. जहाजावर कॅश चालतच नाही, केबिनच्या किल्लीचं कार्ड तेच पाकीट, त्यामुळे खर्च होतोय हे हाताला जाणवत नाही. आणि मोबाइल! जहाज खोल समुद्रात गेलं की फोन आपणहून जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही, ज्यांना माहीत आहे ते बंदर सुटलं की एअरप्लेन मोड लावतात, ज्यांना माहीत नाही त्यांना घरी आल्यावर बिल दिसतं.

शेवटच्या सकाळी रिसेप्शनपुढे जी रांग लागते ती मी स्वतः पाहिलीय. हातात बिलाचा प्रिंटआउट, चष्मा कपाळावर, आणि एकेक ओळीवर बोट ठेवून विचारणारे लोक. माझ्यापुढे एक काका होते, सोलापूरकडचे असावेत बोलण्यावरून, ते भांडत नव्हते, फक्त परत परत विचारत होते की अहो हे माणशी रोजाचं काय आहे, आम्ही तर काहीच मागवलं नाही. ती ग्रॅच्युइटी होती. काउंटरवरचा मुलगा गोव्याचा, त्याने आधी इंग्लिशमध्ये मग कोंकणी-मराठी मिसळून समजावलं की काका हे आमच्या लोकांसाठी असतं, हाउसकीपिंग, डायनिंग. काकांनी लगेच मान हलवली आणि सही केली. त्या मुलाचा चेहरा मला आठवतोय, स्वतःच्या पगाराची वसुली स्वतःच्याच तोंडाने करायला लागणं किती अवघड असेल.

संपादक महोदय, माझ्या मते या सगळ्यात सर्वात चुकीची गोष्ट ही ग्रॅच्युइटीच आहे. दारू नको म्हणता येते, सहल नको म्हणता येते, स्पा नको म्हणता येतो. टिपला नाही म्हणायची सोय बऱ्याच लाइन्सवर कागदावर असते, काउंटरवर जाऊन सांगा, काढून टाकतो, पण म्हणणार कोण? ज्याने रोज सकाळ-संध्याकाळ आपली केबिन आवरली, आईच्या गुडघ्यासाठी न सांगता जादा उशी आणून ठेवली त्याचे पैसे कापा म्हणून सांगायला माणसाची जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये. जगभरच्या क्रूझ जहाजांवर आपली किती मुलं आहेत बघा, गोव्याच्या गावागावातून, रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, मुंबई-वसईतून, केबिन स्टुअर्ड, वेटर, गॅलीमध्ये कुक. महिनोन्महिने घराबाहेर, सलग काम. त्यांचा पगार हा कंपनीचा खर्च आहे. तो भाड्याबाहेर काढून प्रवाशाच्या मनाच्या मोठेपणावर का टाकायचा? त्यात प्रवासीही अपराधी आणि कामगारही टांगणीला.

रक्कम काही किरकोळ नसते. रॉयल कॅरिबियनचा २०२४ च्या शेवटी साध्या केबिनचा दर माणशी रोज साडेअठरा डॉलर होता. चार माणसं, चार रात्री, २९६ डॉलर झाले, रुपयात पंचवीस हजारांच्या वर. मध्यमवर्गीय घरात हा पैसा बिनमहत्त्वाचा नाही, कुणाच्या तरी कॉलेजची फी आहे ती. आणि ही रक्कम कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असते, यात अंदाज असा काही नाहीच, मग ती जाहिरातीत का येत नाही?

जमत नाही असंही नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ साली रोजची टिप बंद केली आणि भाड्यात धरली, जहाजं बुडाली नाहीत, चालूच आहेत. ऑस्ट्रेलियात कायदाच आहे की ग्राहकाला एकूण किंमत एका आकड्यात ठळक दाखवायची, सुटे तुकडे दाखवून चालत नाही. कॅलिफोर्नियाने लपवलेल्या चार्जेसविरुद्ध कायदा केला तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, आणि मोठ्या क्रूझ लाइन्सनी टॅक्स आणि पोर्ट फी धरून भाडं दाखवायला सुरुवात केली, तीही नुसत्या कॅलिफोर्नियात नाही, सगळ्या अमेरिकेत, कारण एका राज्यासाठी वेगळी वेबसाइट ठेवण्यापेक्षा ते सोपं. टिप तिथेही बाहेरच राहिली हे खरं. पण सांगायचा मुद्दा काय, कायदा आला तेव्हा त्यांना एका झटक्यात जमलं. काल जे अशक्य, गुंतागुंतीचं होतं ते रातोरात छापता आलं.

कंपन्या म्हणतात की बंदरांचे दर बदलत असतात. बदलतात, मान्य. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर कर लावला, सँटोरिनी आणि मिकोनॉसला भर सीझनमध्ये माणशी वीस युरो. पण दर बदलला तर पुढच्या बुकिंगचं भाडं बदला ना, विमानाचं बदलतंच की. युरोपात २००८ च्या नियमापासून विमान तिकिटाची शेवटची किंमत आधीच दाखवावी लागते, अमेरिकेतही २०१२ पासून तसंच आहे, आणि विमानतळाचे चार्जेसही बदलतच असतात.

खरं कारण वेगळं आहे, सगळ्या वेबसाइटवर स्वस्तापासून महागापर्यंत अशी यादी लागते आणि ज्याचा आकडा सगळ्यात छोटा त्याच्यावर आधी क्लिक पडतं. एकाने पोर्ट चार्जेस बाहेर काढले की दुसऱ्याला काढावेच लागतात, नाहीतर तो उगाच महाग दिसतो. म्हणजे प्रामाणिक कंपनीचंच नुकसान. आपल्याकडे लग्नाच्या हॉलचं हेच झालंय, भाडं सांगतात एक आणि मग लाइट, साफसफाई, जनरेटर, भांडी वेगळी, शेवटी मुलीच्या वडिलांच्या हातात दुप्पट. म्हणूनच हे एकेका कंपनीच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही, नियम सगळ्यांना एकदमच लागायला हवा.

आणि नियम आपल्याकडे आहेसुद्धा! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार दिलेत, आणि किंमत सुरुवातीला पूर्ण न सांगता थेंब थेंब वाढवत नेणं म्हणजे ड्रिप प्राइसिंग हा त्यातला एक. न विचारता बास्केटमध्ये इन्शुरन्स किंवा देणगी टाकणं हाही एक. हॉटेल-रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही हेही याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. मग मुंबईच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जहाजाच्या बाबतीत सरकारने स्पष्ट का बोलू नये? बिस्किटाच्या पुड्यावर सर्व करांसहित किंमत छापायची सक्ती आहे आणि लाखभराच्या सहलीला नाही, हे मला तरी पटत नाही.

आत्ताच बोलायची वेळ आहे असं वाटतं कारण हा धंदा आपल्या दारात वाढतोय. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज गोवा, लक्षद्वीपला जाऊ लागलं, आपल्या ओळखीतले कितीतरी लोक जाऊन आले, पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, जैन जेवण मिळतं, साठीचं सेलिब्रेशन लोक जहाजावर करतात, फार चांगली गोष्ट आहे. बॅलार्ड पियरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय धरून बांधलंय. केंद्राचं क्रूझ भारत मिशन आहे, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे म्हणतात. हे प्रवासी कोण असणार, तर आपल्यासारखे पहिल्यांदाच जाणारे, ज्यांना फोलिओ (जहाजावरच्या खर्चाचं बिल) म्हणजे काय, ग्रॅच्युइटी म्हणजे काय काहीच ठाऊक नाही. टर्मिनलच्या काचा आणि काउंटर उत्तम असतील, भाड्याचा आकडाही तितकाच स्वच्छ हवा.

आपल्याकडे एक विनंती. सरकार करेल तेव्हा करेल, पण पेपरच्या पानावर काय छापायचं हे तुमच्या हातात आहे. तुमच्या जाहिरात विभागाने क्रूझच्या जाहिराती घेताना एवढंच सांगावं की केबिन, पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि आपोआप लागणारी ग्रॅच्युइटी धरून माणशी आकडा ठळक टाइपात द्या, एकट्या माणसाचा दर त्याच्या शेजारी द्या, आणि लहान मुलं फ्री म्हणत असाल तर त्यांचे टॅक्स आणि टिप लागणार का ते त्याच ओळीत लिहा. रविवारच्या पुरवणीत क्रूझवर लेख येतात तिथेही लेखकांनी सूर्यास्ताबरोबर शेवटच्या दिवसाचं बिलही सांगावं. आणि वाचकांना सांगणं की कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर तोंडी-बिंडी नको, ई-मेलवर मागा, सगळे चार्जेस धरून एकूण रुपये किती आणि जहाजावर डॉलरमध्ये किती भरायचे असे दोन आकडे लिहून घ्या, आणि नंतर त्यात काही वाढवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
डोंबिवली पूर्व