बाबा, त्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या रद्दीत देऊ नका

नाशिक, कॉलेज रोड

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई "जेवलीस का, झोप होते ना" एवढं विचारून फोन ठेवते, त्यामुळे गेल्या आठवड्यातलं काहीच धड सांगून झालं नाही. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा, दोन दिवस लागले तरी चालेल.

ओरिएंटेशनचा आठवडा काल संपला. पीएचडीचं रजिस्ट्रेशन पुणे विद्यापीठाचं असलं तरी रोजचं काम इथेच नाशिकच्या रिसर्च सेंटरला आहे, त्यामुळे मी लांब गेले असं मनात आणू नका, लासलगावहून एसटी पकडली की निफाड मार्गे थेट नाशिक.

आधी पैशांचं सांगते कारण तुम्ही मला विचारत नसलात तरी रात्री दोघांत तोच विषय चालत असणार, कॉलेजातली नोकरी सोडून या वयात परत शिकायला बसली म्हणून. ती नोकरी तासिका तत्त्वावरची होती हो, जितके तास तितके पैसे, मे महिन्यात काही नाही, दिवाळीच्या सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षी बोलावणार का ते जून उजाडल्यावर कळायचं. इथे जेआरएफचे, म्हणजे नेट परीक्षेतून मिळालेल्या संशोधनाच्या फेलोशिपचे, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी कमिटी काम बघते आणि समाधान झालं की तिची एसआरएफ म्हणजे वरची फेलोशिप होते, मग ४२,०००, असं सगळं मिळून पाच वर्षं. पुस्तकं, झेरॉक्स, गावोगाव फिरणं यासाठी सुरुवातीला वर्षाला १०,००० वेगळे. अट एकच की दुसरी पगारी नोकरी करायची नाही, म्हणून तास सोडावे लागले. आणि वयाचं म्हणाल तर जेआरएफला ३० वर्षांची मर्यादा असते पण बायकांना पाच वर्षांची सवलत आहे, पीएचडी पूर्ण करायलाही सगळ्यांना सहा वर्षं आणि बायकांना आणखी दोन मिळू शकतात. मावशीने परत विचारलं तर तिला हेच सांगा, माझं वय नियमात बसतंय आणि मी कुणाच्या मेहरबानीवर इथे आलेले नाही, परीक्षा देऊन आलेय.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवते म्हणजे नंतर घाबरायला नको. दर महिन्याला हजेरी पोर्टलवर कन्फर्म व्हावी लागते, मग पैसे थेट खात्यात येतात, आणि सिनियर मुलं सांगतात की कधीकधी काही महिने काहीच येत नाही आणि मग सगळं एकदम जमा होतं. त्यासाठी मी तासांच्या पैशातून थोडे बाजूला ठेवलेत. तुम्ही एफडी मोडायची नाही. दादालाही काही पाठवायला सांगायचं नाही. मला लागले तर मी स्वतः मागेन.

पहिले दोन दिवस कागदपत्रं, ओळखपत्र, अँटी रॅगिंगचा फॉर्म, महिलांच्या तक्रार समितीची माहिती यातच गेले. मग ओळखी झाल्या. आमच्यात कुणाला सारथीची फेलोशिप आहे, कुणाला बार्टीची, कुणाला महाज्योतीची, या सगळ्या राज्य सरकारच्या संस्था, आणि बहुतेक सगळे घरातले पहिलेच पीएचडीला आलेले. सुरगाण्याचा एक मुलगा आहे तो कोकणा बोलीवर काम करणार, त्याच्या आजीला येणारी गाणी त्याने मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवलीत. एक ताई आहे, मुलगी शाळेत जाते, ती सकाळी डबा करून सिडकोहून येते आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर बसते. या लोकांबरोबर पाच-सहा वर्षं काढायची आहेत याचा मला खरंच आनंद झालाय.

एक दिवस सगळ्यांना सार्वजनिक वाचनालयात नेलं होतं. बाबा, ते १८४० साली सुरू झालंय, म्हणजे आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी धावायच्याही तेरा वर्षं आधी! तिथे उभं राहून मला वाटत होतं की एवढी वर्षं लोकांनी कागद जपले म्हणून आज आम्हाला अभ्यास करता येतोय, नाहीतर काय हातात आलं असतं. शोधगंगा नावाची वेबसाइटही दाखवली, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध त्यावर फुकट वाचता येतात, माझा झाला की तोही तिथे जाईल.

मग नियमांचं सेशन झालं. दुसऱ्याचं लिखाण किती उतरलंय ते सॉफ्टवेअरवर तपासतात, १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा चालतो, त्यावर गेलं की परत लिहा, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. या विषयाचा आम्हाला कोर्सवर्कमध्ये वेगळा पेपरच आहे. मला हे कडक नियम आवडले, मेहनत करणाऱ्याला त्याचा आधारच वाटतो.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट वाचा. माझा विषय कांद्याचा आहे ते तुम्हाला माहितीये, पण माझ्या गाईड मॅडमनी या आठवड्यात तो बराच लहान करून घेतला. मी लिहिलं होतं नाशिक जिल्ह्यातलं कांद्याचं अर्थकारण, त्या म्हणाल्या एवढं एका माणसाच्याने होत नाही, तुला खरं काय कळून घ्यायचंय ते सांग. मी म्हटलं, उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये साठवणीच्या चाळीत टाकल्यावर लहान शेतकरी तो कधी बाहेर काढायचा हे कशावरून ठरवतो, भाव बघून, सड बघून, का घरातली नड बघून. त्या म्हणाल्या हाच तुझा विषय. मग पुरावा कुठून आणणार असं विचारलं तेव्हा मला आपली माळ्यावरची लोखंडी पेटी आठवली.

बाबा, तुम्ही विकलेल्या कांद्याच्या प्रत्येक ट्रॉलीची हिशोबपट्टी जपून ठेवलीत, आई किती वेळा म्हणाली चुलीत घाला म्हणून. त्यात तारीख आहे, किती क्विंटल गेला ते आहे, भाव आहे, हमाली-तोलाई किती कापली ते आहे. १९९८ साली कांदा महागला तेव्हा दिल्लीतल्या लोकांचे कसे हाल झाले आणि निवडणुकीत तिथलं सरकार कसं हरलं हे सगळीकडे लिहिलेलं आहे. पण त्या वर्षी आपल्या गावच्या शेतकऱ्याच्या हातात किती पडले, भाव चढला तेव्हा त्याच्या चाळीत कांदा शिल्लक तरी होता का, हे कुठे आहे? ते तुमच्या पेटीत आहे. डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली तेव्हाचे कागदही त्यातच असतील. मार्केट कमिटीकडे रोजचे भाव मिळतात, पण एका घराचा सलग इतक्या वर्षांचा हिशोब कुणाकडे असणार!

मॅडमनी एक बजावलंय आणि मला ते पटलंय. आपल्याच घराचे कागद वापरताना माया आड येते, म्हणून गावातल्या आणखी घरांच्याही पट्ट्या मिळवायच्या, आणि प्रबंधात स्पष्ट लिहायचं की यातलं एक घर माझं आहे. पट्ट्यांचे मी फक्त फोटो काढणार, अस्सल कागद तुमच्या पेटीतच राहतील.

सोबत एक कागद पाठवतेय, त्याला संमतीपत्र म्हणतात. आई-वडिलांची कसली संमती घ्यायची असं तुम्हाला वाटेल, पण ज्याचे कागद आणि ज्याची माहिती आपण घेणार त्याला आधी सगळं सांगायचं, कशासाठी घेतोय, नाव छापणार नाही, आणि तो मधेच नको म्हणाला तर त्याची माहिती काढून टाकायची, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. त्या पट्ट्यांमध्ये आपली कर्जाची वर्षंही आहेत, ताईच्या लग्नासाठी पडत्या भावात कांदा काढला तेही आहे. ते लोकांनी वाचावं का हे तुम्ही ठरवायचं. नको वाटलं तर खरंच नको म्हणा, मी रागावणार नाही आणि विषयही थांबणार नाही.

आई, तुझ्यासाठी वेगळा कागद आहे. चाळीत बसून सडका कांदा निवडायचं काम तू आणि काकू करायच्या, पाऊस लागला की दिवसदिवस, आणि त्याची पट्टी कुठेच नाही. कोणता कांदा अजून टिकेल आणि कोणता लगेच काढायला हवा हे तू हाताने दाबून सांगायचीस आणि बाबा तुझंच ऐकायचे, मी बघितलंय. ते मला तुझ्या तोंडून लिहून घ्यायचंय. "मला काय कळतंय" असं म्हणायचं नाही.

बाबांच्या कानाचं आता पुढे ढकलायचं नाही. पहिली फेलोशिप आली की इथे कान तपासू आणि मशीन घेऊ, यावर वाद नको. आईच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी दादाला सांगत जा.

मी पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येते. पावसात माळा गळतो, म्हणून पेटी आत्ताच खाली घ्या, पण तुम्ही दोघं शिडीवर चढू नका, दादाला काढू द्या आणि कोरड्या जागी ठेवा. सही लगेच करायची नाही, मी आल्यावर काय विचारायचं ते विचारा आणि मग ठरवा.

तुमची,
मनू