गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर काय बदलावे आणि काय नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाहनविषयक पुरवण्यांत नव्या गाड्यांची माहिती भरपूर येते. सात-आठ वर्षे चाललेली गाडी मोठ्या कामासाठी गॅरेजला लागली, की मालकाला फोनवर, उभ्या उभ्या एक निर्णय घ्यावा लागतो. त्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ‘साहेब, खोललंच आहे तर हेही टाकून घेऊ का?’ यावर काही जण डोळे मिटून हो म्हणतात आणि बिल फुगते. काही जण फसवणुकीच्या धास्तीने सरसकट नाही म्हणतात आणि तीच मजुरी वर्षभरात पुन्हा भरतात.

भाग किती जुना आहे, हे नंतर बघावे. आधी विचारावे, की तो उद्या गेला तर तिथवर पोहोचायला पुन्हा काय काय उतरवावे लागेल? आणि तो कसा जाईल: आधी आवाज, गळती अशी सूचना देऊन, की धावत्या गाडीत एकाएकी? पोहोचणे महाग आणि भाग स्वस्त असेल, तर बदलावा. बाहेरून दोन बोल्ट काढून हाती येणारा भाग चालू असेल, तर त्याला हात लावू नये.

क्लचचे काम हे याचे उत्तम उदाहरण. घाटात आणि शहरी गर्दीत अर्धा क्लच दाबून चालवलेल्या गाडीची क्लच प्लेट लवकर झिजते. ती बदलायला पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट काढून गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणून प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती सोडवणारे रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदलावा. नुसती प्लेट टाकणे ही खोटी काटकसर आहे. क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) आत असेल, तर तोही याच वेळी बदलावा. तो गळू लागला की गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सीले नवी घालावीत आणि निथळलेले गिअर ऑइल परत न भरता ताजे भरावे. क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या, तर मॅन्युअलमधल्या मर्यादेत फेसिंग (घासून सपाट) करता येते. दुहेरी वस्तुमानाच्या (दोन चकत्या स्प्रिंगने जोडलेल्या) फ्लायव्हीलचे मात्र लेथवर फेसिंग करू नये. त्याचे मोकळे फिरण्याचे आणि डुगडुगण्याचे प्रमाण मोजून निर्णय घ्यावा, कारण हे फ्लायव्हील महाग असते आणि चांगले असताना बदलण्याचे कारण नाही.

खरा वाद क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलचा आहे. किंमत किरकोळ, आणि गळले तर तेल नव्या क्लच प्लेटवर जाऊन ती घसरू लागते. त्यामुळे ‘टाकूनच द्या’ म्हणणे सोपे आहे. पण स्प्रिंग नसलेले, टेफ्लॉनच्या ओठाचे सील तेल न लावता, कोरडेच बसवायचे असते. त्याच्या ओठाला बोट लागू द्यायचे नसते, सोबत आलेली प्लास्टिकची बाही वापरायची असते आणि इंजिन सुरू करण्याआधी कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचे असते. जुन्या रबरी सीलसारखे तेल चोपडून, हातोडीने ठोकून बसवले तर कोरड्या जागी गळती सुरू होते. काही इंजिनांत हे सील पट्टीसकट येते आणि त्यावर क्रँक सेन्सरची रिंगही असते. ती किंचित फिरली तरी इंजिन सुरू न होण्याची शक्यता असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे: सील ओलसर दिसत असेल किंवा गाडी लाखापुढे गेली असेल, तर बदलावे, पण ज्याच्याकडे बसवण्याचे हत्यार आहे त्याच्याकडूनच. कमी चाललेल्या गाडीत ते कोरडे ठणठणीत असेल, तर राहू द्यावे.

क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांची फिरण्याची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टबाबत दुमत नसावे. मारुती ८००, जुनी अल्टो किंवा डस्टरचे दीड लिटर डिझेल इंजिन यांत बेल्ट आहे. मारुतीच्या के-मालिकेत आणि स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये चेन. बेल्टला किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी मुदत असते, जी आधी संपेल ती धरायची. घरासमोर उभ्या असणाऱ्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतो. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर बदलावेतच. डस्टरच्या डिझेलसारखा वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल, तर तोही. पंपाचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्ट दात सोडतो आणि अशा इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. कॅमचे सील आधीच पाझरत असेल तर ते याच वेळी घ्यावे, कारण तेल लागलेला बेल्ट फुगून सैल पडतो. चेनला ठरावीक मुदत नसते. आवाज येत असेल किंवा लांबी वाढल्याचे मोजमाप असेल तरच ती बदलावी, पण मग टेन्शनर आणि गाइडसह. चेन लवकर ताणते ती बहुधा ऑइल बदलायला केलेल्या उशिरामुळे.

इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले हेड गॅस्केट गेले की बहुतेक ठिकाणी चर्चा गॅस्केटच्या किमतीवर थांबते. गाडी कशामुळे तापली, हे शोधल्याशिवाय नवे गॅस्केट टिकत नाही. थर्मोस्टॅट, रेडिएटरची टोपी आणि फुगलेले होज हे स्वस्त भाग याच वेळी बदलावेत, पंखा आणि रेडिएटर मात्र तपासून ठरवावे. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून फीलर गेजने वाक मोजावा. बऱ्याच छोट्या इंजिनांत मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. मोजल्याशिवाय फेसिंग करू नये, आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत तर पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून गॅस्केटची जाडी निवडावी लागते. ठरावीक जोराने (टॉर्क) कसून मग अंशांत फिरवायचे, ताणले जाणारे हेड बोल्ट असतील, तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे ते नवेच हवेत. बोल्टच्या भोकांत तेल किंवा कूलंट साचलेले राहिले, तर कसताना तो दाब ब्लॉकला तडा देऊ शकतो. भोके हवेने साफ करून घ्यावीत. सीएनजीवर चाललेल्या गाडीचे हेड उघडलेच असेल, तर व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीट आवर्जून पाहाव्यात, कारण त्या गॅसवर अधिक झिजतात. व्हॉल्व्ह स्टेम सीलेही नवी घालावीत. मात्र हेड उघडले म्हणून बोअर-रिंगचे (सिलिंडर घासून नव्या पिस्टन रिंग टाकण्याचे) काम काढू नये. उघडण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधला दाब आणि त्याची गळती मोजणे) केली असेल, तर तो प्रश्न तिथेच निकालात निघतो.

सस्पेन्शनमध्ये शॉकअप जोडीनेच बदलावेत आणि स्ट्रट खोललाच आहे, तर वरचे माउंट, बेअरिंग आणि बंप स्टॉपही. व्हील बेअरिंगला जोडीचा नियम नाही. आवाज करते तेवढेच बदलावे. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी भाग) बदलताना बोल्ट शेवटचे कसणे गाडी चाकांवर उभी असताना करावे. जॅकवर चाक लटकत असताना बोल्ट कसले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. कितीतरी चांगल्या बुशांवर ‘माल खराब निघाला’ असा शिक्का यामुळेच बसतो. नंतर व्हील अलाइनमेंट आलेच.

अल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सर, टर्बो, एसी कॉम्प्रेसर हे भाग ‘सावधगिरी’ म्हणून बदलू नयेत. इंजेक्टर बेंचवर तपासता येतात. काढले असतील तर खालचे तांब्याचे वॉशर मात्र नवे हवेत. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात, वयासोबत बिघाड वाढतो असा नमुना विमानांच्या फक्त ११ टक्के भागांत आढळला. निम्म्याहून अधिक भागांत उलट सुरुवातीच्या काळातच धोका जास्त होता. मोटारीत घर्षणाने झिजणारे आणि रबरी भाग अधिक, हे खरे. तरीही कंपनीने बसवलेला, नीट चालणारा अल्टरनेटर काढून बाजारातला स्वस्त माल लावणे म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणे आहे.

काम सुरू होण्याआधी गॅरेजकडून लेखी अंदाज तीन भागांत मागावा: निकामी झालेले, उघडल्यामुळे बदलणे शहाणपणाचे आणि पुढच्या वेळेपर्यंत थांबणारे. दुसऱ्या भागात मजुरी वेगळी लावली असेल, तर ती का, हे विचारावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी आधीच दिलेली असते. भागांचे क्रमांक अंदाजात असावेत. जुने भाग नव्या भागांच्या डब्यांसकट परत मागावेत आणि पक्के बिल घ्यावे. बिल देण्यास नकार देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा लिहून घेतला, की पुढचा बेल्ट किंवा कूलंट केव्हा, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

आपला,
एक मोटार अभियंता, कोल्हापूर