खेळात राजकारण नको म्हणता, पण बाबा…

हॅम्बुर्ग, २० डिसेंबर २०२५

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांशी राजकारण बोलायला लागलं की दोन मिनिटांत आवाज चढतो, मग आई फोन काढून घेते, 'जेवलीस का' विचारते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून या वेळी कागद घेतला. कागदावर मला मध्येच तोडता येत नाही. आई, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब ऐकून घेऊ नकोस.

बाबा, तुम्ही परवा म्हणालात, "त्या ट्रम्पला फुटबॉलवाल्यांनी शांततेचं बक्षीस कशाला दिलं? खेळात राजकारण आणू नये." पहिल्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. ५ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये वर्ल्डकपचे गट पाडायचे होते. तिथे फिफाने एक नवंकोरं शांतता पारितोषिक काढलं, पहिल्याच वर्षी ते यजमान देशाच्या अध्यक्षांना दिलं आणि त्यांनी पदक स्वतःच उचलून गळ्यात घातलं. बघताना मलाच कसंतरी झालं.

भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याशी. सप्टेंबरात दुबईला आशिया कपमध्ये सूर्यकुमारच्या टीमने पाकिस्तानशी हात मिळवला नाही, पुढे फायनल जिंकून पाकिस्तानचे मंत्री आणि आशियाई क्रिकेटचे प्रमुख मोहसिन नक्वींच्या हातून कप घेतला नाही. तेव्हा घरच्या ग्रुपवर सर्वांत जास्त अंगठे कुणाचे होते? पहलगामनंतर ते योग्य होतं असं तुम्हाला वाटत असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण मग तेही राजकारणच होतं की. आपल्या मनासारखं असलं की स्वाभिमान आणि दुसऱ्याने केलं की खेळात राजकारण, असे दोन हिशेब एका वहीत कसे चालतील?

आता माझ्या फिजिओथेरपीच्या धंद्यातलं सांगते. रोज सकाळी आठपासून मी लोकांचे गुडघे वाकवते आणि सरळ करते, त्यामुळे फुटबॉल मला आधी गुडघ्यातून दिसतो, गोल नंतर. मँचेस्टर सिटीचा रॉड्री तुम्हाला आवडतो. १७ सप्टेंबर २०२४ ला त्याने पत्रकारांना सांगितलं की सामने इतके वाढलेत की खेळाडू संपावर जायच्या बेतात आहेत. २२ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध पहिल्याच हाफमध्ये तो गुडघा धरून खाली बसला. एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलं. ऑक्टोबरअखेर बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचं बक्षीस, घ्यायला पॅरिसला आला तो कुबड्यांवर. त्याच ऑक्टोबरात रेआल माद्रिदचा कार्वाहाल गेला, नोव्हेंबरात मिलिताव, त्याचा तर दीड वर्षात दुसऱ्यांदा गुडघा गेला.

प्रत्येक गुडघा थकव्यानेच जातो असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं अडाणीपणाचं होईल. बायर्न म्युनिकच्या मुसियालाचा पाय जुलैत अटलांटाला मोडला, तो पीएसजीच्या गोलकीपरशी झालेल्या धडकेत. ती धडक लीगच्या पहिल्या सामन्यातही झाली असती. पण ती ५ जुलैला झाली, जेव्हा जर्मनीतला खेळाडू एरवी सुट्टीवर असतो. का? तर फिफाने क्लब वर्ल्डकप सात संघांवरून बत्तीस संघांचा केला आणि तो उन्हाळ्यात घुसवला. मुसियाला हे वर्ष संपत आलं तरी मैदानावर आलेला नाही.

चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या फेरीत पूर्वी सहा सामने असत, आता आठ. कतारच्या वर्ल्डकपला ६४ सामने होते, येत्या उन्हाळ्यात ४८ संघ आणि १०४ सामने. हे कुणी ठरवलं? फिफाचे सभासद देश २११, आणि जर्मनी असो की एखादं चिमुकलं बेट, मत प्रत्येकाला एकच. जास्त संघ म्हणजे जास्त देश खूश, जास्त टीव्हीचा पैसा, तो पुन्हा त्याच देशांना वाटायचा, म्हणजे अध्यक्षाची खुर्ची घट्ट. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत ठरावधारकाला, म्हणजे एकेका संस्थेच्या मतदाराला, काय भाव येतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. युरोपातल्या खेळाडूंच्या संघटनेने आणि लीगवाल्यांनी गेल्या वर्षी फिफाविरुद्ध ब्रुसेल्सला तक्रारही केली. खेळाडूचं लिगामेंट त्याच्या गुडघ्यात असतं, पण त्यावर किती ताण द्यायचा हे झुरिकमधली समिती ठरवते. याला राजकारण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

युक्रेनबद्दल आपलं कधीच पटलेलं नाही. १९७१ ला रशिया आपल्यामागे उभा राहिला हे तुमच्या पिढीने विसरू नये, मलाही विसरायचं नाही. पण तेव्हा जो देश होता त्यात युक्रेनही होता, हे तुमच्या चॅनेलवर कुणी सांगत नाही. शाख्तार दोनेत्स्क हा युक्रेनी क्लब युद्धामुळे २०१४ पासून आपल्या घरच्या मैदानावर एकही सामना खेळलेला नाही. ल्विव, खारकीव, कीव, मग वॉर्सा, आणि २०२३ मध्ये त्यांचे चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने इथे, हॅम्बुर्गला झाले. बार्सिलोनाला त्यांनी १-० हरवलं त्या रात्री मी स्टेडियमवर होते. आजूबाजूला बहुतेक युक्रेनी बायका आणि मुलं. पुरुष कमी. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना तेव्हा देशाबाहेर पडायलाच बंदी होती, हे डोक्यात यायला मला पहिला हाफ लागला.

त्याच क्लबने आता युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांची वेगळी टीम काढली आहे. या खेळात मैदानावरचे खेळाडू एका पायावर आणि दोन कुबड्यांवर खेळतात, गोलकीपरला एकच हात असतो. माझ्याकडे असे काही जण येतात. नावं-गावं सांगणार नाही. एवढंच सांगते, एसीएलवाला पहिल्या दिवशी विचारतो 'कधी खेळेन', आणि हे लोक विचारतात 'जिना चढता येईल का'. "दोन्ही बाजूंची चूक असते" हे तुमचं वाक्य त्यांच्यासमोर मला म्हणता येत नाही बाबा. फक्त भिडेपोटी नव्हे, मला ते खरंही वाटत नाही.

मग तुम्ही लगेच विचाराल, गाझाचं काय? विचारा, बरोबरच आहे. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ ला हल्ला केला आणि चार दिवसांनी फिफा आणि युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) त्यांना बाहेर काढलं. मला तो निर्णय पटला होता. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने जे केलं ते अमानुष होतं, आणि त्यानंतर गाझात दोन वर्षं जे चाललं त्यावर याच संघटनांना वाचा फुटत नव्हती. सुलेमान अल-ओबेद नावाचा माणूस, लोक त्याला पॅलेस्टाईनचा पेले म्हणत. यंदा ऑगस्टमध्ये मदतीच्या रांगेत थांबलेला असताना तो मारला गेला. युएफाने दोन ओळींची श्रद्धांजली टाकली. इजिप्तचा फुटबॉलपटू सलाह याने खाली एवढंच विचारलं की तो कसा मेला, कुठे आणि का, हे सांगाल का? त्या ओळीने जे झालं ते शंभर पत्रकांनी झालं नसतं.

इथे जर्मनीत या विषयावर तोंड उघडणं सोपं नाही. त्यांच्या इतिहासामुळे त्यांना इस्राएलबद्दल जे वाटतं ते मला समजतं, निदान समजून घ्यायचा प्रयत्न करते. पण माइन्त्स क्लबने एल गाझी या खेळाडूला २०२३ मध्ये गाझाबद्दलच्या पोस्टवरून काढून टाकलं, आणि पुढल्या वर्षी कामगार न्यायालयाने ते काढणं बेकायदा ठरवलं. म्हणजे जे बोलायला कायदा अडवत नाही, तेही बोलताना इथला माणूस दचकतो. कामाच्या ठिकाणी मीही बहुतेक वेळा गप्प बसते. आई, तुला हे ऐकून हायसं वाटेल.

इथल्या राजकारणाचं विचारता म्हणून सांगते. फेब्रुवारीच्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, देशात दुसरा नंबर. बाहेरच्यांना परत पाठवा हा त्यांचा मुख्य धोशा. माझे शेजारी चांगले आहेत, आजींना बाजारातून सामान आणून दिलं की केक देतात. पण बसमध्ये शंभर माणसं असली तर त्यातल्या वीसेकांना मी इथे नको असू शकते, हा हिशेब कधी कधी मनात होतोच. आणि नेमकं त्याच वेळी घरच्या ग्रुपवर तुमचा फॉरवर्ड येतो, 'परप्रांतीयांनी शहराची वाट लावली'. बाबा, हॅम्बुर्गची परप्रांतीय मीच आहे. मराठी टिकावी, पोरांना नोकऱ्या मिळाव्यात, हे मलाही हवंय. त्यासाठी भैयाच्या पाणीपुरीच्या गाडीवर राग काढायची गरज नाही.

महापालिकेची निवडणूक एकदाची लागली ते बरं झालं. नोव्हेंबर २०२० पासून कोल्हापूरला नगरसेवकच नाही, पाच वर्षं प्रशासकाने कारभार हाकला, आणि १५ जानेवारीला मतदान. आता महिनाभर प्रत्येक तालमीच्या दारात चहा फिरेल, गल्लीतल्या टीमला नवी जर्सी मिळेल आणि पाठीवर नंबरापेक्षा नेत्याचं नाव मोठं असेल. शाहू स्टेडियमवर बसून 'खेळात राजकारण नको' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय, तुम्ही सोडून. कुणाला मत द्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पण दोघांनी वेगवेगळं ठरवा. आई, तुला काय, मी यांना विचारून देते, हे मला पुन्हा ऐकायचं नाही.

आता खरं काम. दादाचा मेसेज आला होता की सईचं फुटबॉल बंद करायचं म्हणतोय, कारण मुलींचे गुडघे जातात असं त्याने कुठेतरी वाचलं. वाचलं ते खोटं नाही. मुलींमध्ये एसीएल तुटायचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. २०२३ च्या महिला वर्ल्डकपला इंग्लंडची कॅप्टन लीआ विल्यमसन आणि बेथ मीड, हॉलंडची मिडेमा, तिघी याच कारणाने घरी बसल्या, आणि तिघी एकाच क्लबच्या. मुलींच्या शरीराची ठेवण वेगळी हे एक कारण सगळे सांगतात. बाकीची कारणं कमी सांगतात. बूट पुरुषांच्या पायावर बेतलेले, मैदान उरलंसुरलं, फिजिओ नाही, आणि मुलींना उडी मारून नीट खाली कसं उतरायचं हे लहानपणी कुणी शिकवलेलंच नसतं. विल्यमसन परत आली आणि यंदा जुलैत तिच्याच हातात युरो कप होता, हे दादाने वाचलं नसावं.

खेळ बंद करणं हा उपाय नाही. वॉर्म-अपचा एक ठरलेला कार्यक्रम आहे, फिफानेच काढलेला (त्यांनी आयुष्यात केलेलं चांगलं काम), वीस मिनिटांचा. हळू धावणं, एका पायावर तोल धरणं, गुडघा आत न झुकवता उडी मारून उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केला तर दुखापती तिसऱ्या हिश्शाने तरी कमी होतात, काही अभ्यासांत त्याहून जास्त. साहित्य काही लागत नाही. फक्त कुणीतरी कडक माणूस उभा राहायला लागतो. बाबा, संध्याकाळी कट्ट्यावर जगाचं युद्ध सोडवण्यापेक्षा सईच्या ग्राउंडवर वीस मिनिटं शिट्टी घेऊन उभे राहा. व्यायामाची चित्रं दादाला पाठवली आहेत.

आणि तुमचा स्वतःचा गुडघा. तरुणपणी वळताना 'कट्' आवाज आला, तासाभरात भोपळ्याएवढा सुजला, हाडवैद्याने चोळून बांधला आणि महिन्याभरात क्रेप बँडेज लावून तुम्ही पुन्हा खेळलात, ही गोष्ट मी लहानपणापासून पराक्रम म्हणून ऐकली. ते एसीएल होतं बाबा, जवळजवळ नक्की. आज आम्ही चांगल्या ऑपरेशननंतरही नऊ महिन्यांच्या आत मैदानावर सोडत नाही. अशा गुडघ्यांपैकी साधारण निम्म्यांना दहा-वीस वर्षांत संधिवात लागतो, आणि तुम्ही तर तो तसाच हाकत आलात. त्यामुळे जिना उतरताना होतं ते म्हातारपण नाही. "आमच्या वेळी असली नाटकं नव्हती" म्हणू नका. तुमच्या वेळी एमआरआय नव्हतं, एवढंच.

जानेवारीत अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. उभं राहून, दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढायला सांगा, झोपून काढलेला नको. गुडघा बदलायचा की नाही हे लगेच ठरवायचं नाही, आधी तीन महिने मी व्हिडिओवर व्यायाम घेईन, आई हजेरी ठेवेल. एक्स-रेचा फोटो पाठवताना फिल्म खिडकीच्या उजेडावर धरा. मागच्या वेळी पाठवलात त्यात गुडघ्यापेक्षा ट्यूबलाइट आणि बाबांचं टक्कल जास्त स्पष्ट दिसत होतं.

तुमची,
मृणाल