कथेला आधी बैठक लागते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कथालेखनाविषयी अलीकडे आलेला लेख मी दोनदा वाचला. तो कळकळीने लिहिलेला आहे, यात शंका नाही. परंतु कथा ही स्फूर्तीची देणगी असून ज्याला ती लाभली त्याने तिची वाट पाहावी आणि ज्याला लाभली नाही त्याने व्यर्थ कष्ट घेऊ नयेत, असा जो अर्थ त्यातून निघतो, तो वाचून आमच्याकडची लिहू पाहणारी मुले वह्या मिटून ठेवतील, अशी मला भीती वाटते. म्हणून हे पत्र.

मी अमळनेर तालुक्यातला. पोटासाठी धान्याच्या बाजारात मापाडी म्हणून काम करतो आणि गेली सव्वीस वर्षे कथा लिहितो. लिहायची वेळ पहाटे चार ते साडेपाच. आठ वाजता बाजारात हजर व्हावे लागते आणि संध्याकाळी परतल्यावर डोळ्यांत भुसा आणि खांद्यांत ठणका असतो, त्यामुळे दिवसाचा दुसरा कोणताही तास माझा नाही. मापे मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची जुनी रीत आहे. मीही रोज कोऱ्या पानाच्या डोक्यावर तारीख आणि त्याखाली ‘लाभ’ एवढा शब्द लिहितो आणि मग कामाला लागतो. काही सुचो वा न सुचो, दीड तास जागचा उठत नाही. ज्या दिवशी एक ओळही पुढे सरकत नाही, त्या दिवशी आदल्या दिवशीचे पान मी दुसऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढतो. माझा अनुभव असा आहे की तीन-चार दिवस असे उतरवत राहिले की एखाद्या सकाळी पान संपते आणि हात थांबत नाही. पुढचे वाक्य आपोआप कागदावर येते. लेखक महाशय ज्याला स्फूर्ती म्हणतात ती मला भेटली असेल, तर ती अशीच, नक्कल करता करता भेटलेली आहे.

दिवसभर खिशात काटापट्ट्यांचे, म्हणजे मालाच्या वजन-भावाच्या चिठ्ठ्यांचे, पाठकोरे तुकडे असतात. त्यांवर मी माझे विचार लिहीत नाही. कानावर पडलेले बोलणे, ज्या शब्दांत पडले त्याच शब्दांत, टिपून ठेवतो. आडत्याशी भावावरून घासाघीस करणारा शेतकरी, गोण्या उतरवताना एकमेकांना हाका मारणारे हमाल, लिलाव होईपर्यंत आपल्या ढिगाशेजारी बसून राहिलेल्या बाया. हे तुकडे मी पत्र्याच्या डब्यात साठवतो आणि बाजाराला सुट्टी असली की एकेक वाचून पाहतो. बहुतेक तुकडे पुन्हा डब्यात जातात. वर्षभरात चार-पाचच बाहेर राहतात आणि त्यांतल्या दोघा-तिघांची कथा होते.

आमचे लिहिणे हंगामाला बांधलेले असते, हेही सांगितले पाहिजे. दसऱ्यापासून मका, बाजरी, ज्वारीची आवक वाढते. फाल्गुन-चैत्रात हरभरा, गहू आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, येते. ज्येष्ठात पेरण्यांची घाई सुरू झाली की बाजार ओस पडतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष दिवाळीला येऊन मिळते, आणि दिवाळी अंकांना कथा हवी असते ती आषाढाच्या आसपास. म्हणजे आमच्या रिकाम्या दिवसांत. हिवाळ्याच्या पहाटे लिहिलेले खर्डे मी ज्येष्ठात बाहेर काढतो आणि घरी मोठ्याने वाचून दाखवतो. पत्नी सुपात धान्य निवडत ऐकते. जिथे तिचा हात थांबतो, तो भाग मी राखतो. जिथे ती मला मध्येच घरातली दुसरी एखादी गोष्ट विचारते, तिथला परिच्छेद खोडून टाकतो. तिने आजवर एकदाही ‘चांगले आहे’ किंवा ‘वाईट आहे’ असे म्हटलेले नाही, आणि मला त्याची गरजही पडलेली नाही.

माझी पहिली छापून आलेली कथा अशाच एका तुकड्यातून आली. एक म्हातारी दोन गोण्या हरभरा घेऊन आली होती. माप झाले, पट्टी तिच्या हातात दिली, तरी ती जागची हलेना. मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘भाऊ, तेवढी गोणी माले परत दी दे. तिले मन्हा धनीना धोतरनं ठिगळ से.’ हमालाने ती गोणी वेगळी ओतून दिली. तिने ती झटकली, चौघडी घातली आणि बगलेत धरून बसस्थानकाकडे चालू लागली. या प्रसंगावर मी आधी एकोणीस पाने लिहिली. त्यांत तिच्या धन्याचे आजारपण होते, सावकार होता, दुष्काळ होता, मुलगा मुंबईला निघून गेला होता. यांतले मला काहीही ठाऊक नव्हते. मी ते रचले होते. दोन वर्षे खोडत खोडत शेवटी सात पाने राहिली, आणि त्या सात पानांत माप, पट्टी, गोणी आणि ठिगळ एवढेच उरले. एकोणीस पाने मला दोन महिन्यांत साधली होती; ती सातावर आणायला त्याच्या दहा-बारा पट वेळ लागला. कथाकाराचे काम बहुतांशी हे असते आणि नेमके तेच आपल्या पुरवणीतील लेखात कुठे नाही.

ती कथा एका दिवाळी अंकाने स्वीकारली. अंक हातात आला तेव्हा म्हातारी म्हणत होती, ‘भाऊ, तेवढं पोतं मला परत द्या. त्याला माझ्या यजमानांच्या धोतराचं ठिगळ आहे.’ मला न विचारता सगळे संवाद बदललेले होते. वाचकांना अहिराणी कळणार नाही, असे कारण नंतर पत्राने कळवण्यात आले. त्या अंकाविषयी माझ्या मनात आता राग नाही, परंतु ते पान मी पुन्हा कधी उघडले नाही. आमच्या गावात ‘यजमान’ म्हणणारी एकही म्हातारी मी पाहिलेली नाही. धनी हा शब्द काढला की ती बाई जाते, आणि ती गेली की कथेत फक्त एक पोते उरते. आमच्या अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुणीकडे’; वाटेत भेटलेला माणूस ‘कथा जास?’ असे विचारतो. छापील पानावर हा शब्द वाचताना मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात, आणि माझ्या पात्रांनी त्यांच्याच बोलीत उत्तर द्यावे असे वाटते.

‘एवढे करून मिळते काय?’ असे लोक विचारतात. बहुतेक अंकांकडून एक प्रत मिळते, काहींकडून थोडे मानधन. त्यासाठी कोणी सव्वीस वर्षे पहाटे उठत नाही. काटापट्टीवर मालाचे नाव, गोण्यांची संख्या, वजन आणि भाव एवढ्या गोष्टी मांडता येतात. मी आयुष्यभर हजारो माणसांचा माल मोजला, आणि त्या माणसांनी बाजारात आणलेले जे बाकीचे सगळे होते, त्याला पट्टीवर रकाना नव्हता. धोतराच्या ठिगळाची नोंद कुठेतरी व्हायला हवी होती आणि ती करू शकणारा त्या वेळी तिथे मी एकटाच होतो. माझ्या लिहिण्याचे कारण विचाराल तर ते एवढेच आहे.

स्फूर्तीचा दाखला म्हणून साने गुरुजींकडे नेहमी बोट दाखवले जाते, कारण १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहिली. हे खरेच आहे. परंतु आम्हा अमळनेरकरांना त्याआधीची वर्षेही ठाऊक असतात. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते, आणि मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने रोज लिहून काढत होते. शाळेचे काम, आजारी मुलांची शुश्रूषा, खोल्यांची झाडलोट, हे सगळे उरकून रोज लिहायचे, आणि तेही नावानिशी माहीत असलेल्या शंभरेक मुलांसाठी. तुरुंगातल्या पाच दिवसांच्या मागे ही वर्षे उभी आहेत, असे माझे मत आहे.

बहिणाबाईंचेही असेच होते. त्यांना अक्षरओळख नव्हती म्हणून त्यांचे काव्य आपोआप उमलले असे सांगण्याचा प्रघात पडला आहे. असोद्याच्या त्या माउलीने दळताना, निंदणी-खुरपणी करताना, म्हणजे रोजच्या रोज आणि वर्षानुवर्षे, गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली नसती, तर बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली निघालेले पुस्तक निघालेच नसते. जाते हीच त्यांची बैठक होती, आणि तिच्यात एका दिवसाचाही खंड पडत नव्हता.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. महिन्यातून एका रविवारी पुरवणीतील हजार-बाराशे शब्दांची जागा खानदेशातील नव्या कथाकारांसाठी ठेवावी, आलेल्या प्रत्येक कथेला होकार वा नकार दोन ओळींत कळवावा, आणि अहिराणी, लेवा गणबोली, भिली, गुजरी या बोलींतले संवाद जसेच्या तसे छापावेत. एखादा शब्द अगदीच अडत असेल, तर त्याचा अर्थ पानाच्या तळाशी देता येईल. दर रविवारी तीन मुले वह्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यापैकी एकीची कथा, तिच्या संमतीने, या पत्राला जोडली आहे. तिने ती पाच वेळा उतरवून काढली आहे. कथा पसंत पडली नाही तर आपण ती अवश्य नाकारावी. छापायची ठरली, तर तिच्या आजीच्या तोंडचे शब्द मात्र बदलू नयेत.

आपला नम्र,
एक मापाडी व कथालेखक
ता. अमळनेर, जि. जळगाव