१५३ पौंडांची रेकॉर्ड

महोदय,

ग्रामोफोन रेकॉर्ड पुन्हा बाजारात आल्याबद्दल अलीकडे बरंच छापून येतं. त्यात महागड्या प्लेअरची आणि जुन्या चित्रपटगीतांची चर्चा असते. पंकचं, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या ओबडधोबड, बंडखोर रॉक संगीताचं, नाव निघालंच, तर सेफ्टी पिना, रंगवलेले उभे केस आणि सेक्स पिस्टल्स हा बँड इथवर येऊन विषय संपतो. त्या संगीताचं खरं बळ जिच्यात आहे, अशी एक रेकॉर्ड या चर्चेत कुठेच नसते, म्हणून हे पत्र.

मार्च १९७७मध्ये लंडनला ‘डेस्परेट बायसिकल्स’ हा बँड जमला, तोच मुळी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच्याच छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाने, एक सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढायची म्हणून. आधी बँड, मग कार्यक्रम, मग कंपनीच्या दारात खेटे, हा रिवाज त्यांनी बाजूला सारला. डाल्स्टन भागातला एक स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला, जेमतेम तालमीवर ‘स्मोकस्क्रीन’ आणि ‘हँडलबार्स’ ही दोन गाणी मुद्रित केली आणि ‘रिफिल’ या आपल्याच लेबलवर ५०० प्रती काढल्या. सगळा खर्च १५३ पौंड, म्हणजे प्रत पडली जेमतेम ३१ पेन्सला. त्याच वर्षी जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ५०० पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड काढली होती. तिचं नाव झालं, पुढे तिच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. बायसिकल्स मात्र संग्राहकांच्या कपाटातच राहिले.

ऐकताना पहिल्यांदा कानावर येतो तो स्वस्तातल्या ऑर्गनचा पातळ, काहीसा नाकातला सूर. ड्रम कोरडे, आवाजाला गुळगुळीतपणा देण्याची खटपट नाही. सफाई नाही, पण आळसही नाही: प्रत्येक जण हातातलं वाद्य नेमकं जेवढं येतं तेवढं, पूर्ण जीव लावून वाजवतो. ‘हँडलबार्स’ संपता संपता सगळे मिळून ओरडतात, सोपं होतं, स्वस्त होतं, जा, तुम्हीही करा! तीच ओळ ‘द मीडियम वॉज टीडियम’ या पुढच्या सिंगलचं धृपद झाली. त्या सिंगलच्या वेष्टणावर त्यांनी पहिल्या रेकॉर्डचा खर्च छापला आणि तुम्ही अजून तुमची का काढली नाही, असं ऐकणाऱ्यालाच विचारलं. सायक्लोस्टाइल केलेली लघुअनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत, त्या मराठी वाचकांना यातली ऊब वेगळी समजावून सांगायला नको.

त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी आहेत. ऐकणाऱ्याला हा विक्षिप्तपणा वाटतो, पण कारखान्याच्या नजरेने पाहिलं तर त्यात सरळ हिशेब आहे. रेकॉर्ड करायची तर आधी ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर असलेला लॅकर लागतो. त्यावर खाच कापली जाते. मग त्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात आणि उलटा साचा निघतो. त्यावरून सुलटी ‘मदर’ आणि मदरवरून पुन्हा उलटा, प्रत्यक्ष छापणारा ‘स्टॅम्पर’. दोन बाजू वेगळ्या असल्या की ही सगळी साखळी दोनदा करावी लागते. बाजू सारख्याच असतील तर एक लॅकर पुरतो आणि एकाच मदरवरून दोन्ही स्टॅम्पर काढता येतात. छोट्या आवृत्तीत छपाईपेक्षा ही आधीची तयारीच महाग पडते.

१९७८मध्ये ‘स्क्रिटी पॉलिटी’ या बँडने याच प्रेरणेने ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ काढली, तेव्हा झेरॉक्स केलेल्या वेष्टणावर खर्चाचा तपशीलच दिला: केंब्रिजच्या स्टुडिओत १४ तासांचे ९८ पौंड, लॅकर कापायचे ४०, अडीच हजार प्रती प्रत्येकी १३ पेन्सने, रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या कागदी लेबलवर मारायच्या रबरी शिक्क्याचे ८ पौंड. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही या रेकॉर्ड माणसाला हलवतात त्या म्हणूनच. गाणं संपल्यावर श्रोत्याच्या हातात काहीतरी करण्याजोगं उरतं.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे मुंबई परिसरात २०२४ साली रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू झाला आहे. भारतात असं काही दशकांनी घडलं. मराठीत स्वतःची गाणी करणारे बँड आता सात इंची रेकॉर्डचा विचार करतीलच. त्यांनी काही गोष्टी आधी जाणून घ्याव्यात.

मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या सात इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर खाच सरकते, आत जाईपर्यंत ती २५च्या आसपास येते. तेवढ्याच आवाजाला जागा कमी मिळते, म्हणून गाण्याच्या शेवटी ‘स’, ‘श’, ‘च’ फाटतात. त्यात खाच कापताना वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम वाढवलेले असतात. मराठी शब्दांत ही व्यंजनं ठासून भरलेली, तेव्हा ५ ते ८ किलोहर्ट्झमधली शीळ मिक्स करतानाच आवरावी. बाजूवर दोन गाणी असतील तर शांत गाणं आतल्या बाजूला ठेवावं. बाजू साडेचार-पाच मिनिटांच्या पुढे गेली की खाचा दाटीने बसवाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि पंकचा सगळा जोर तिथेच सांडतो. खालचे सूर, साधारण १५० हर्ट्झच्या खालचे, मोनोच, म्हणजे दोन्ही स्पीकरना सारखेच, ठेवावेत. डाव्या-उजव्या बाजूला बास उलटसुलट गेला की खाच खालीवर होते आणि सुई उडते. स्ट्रीमिंगसाठी आवाजातले चढउतार दाबून सपाट केलेली फाइल कापायला देऊ नये. ती मोठ्या आवाजाची वाटते, पण खाचेत उतरवताना पातळी कमीच करावी लागते.

चाचणी प्रती आल्या की सगळ्या ऐका, एकच ऐकून सही करू नका. टिक् असा आवाज प्रत्येक प्रतीत एकाच जागी येत असेल तर दोष साच्यात आहे, स्टॅम्पर बदलून मागा. वेगवेगळ्या जागी येत असेल तर ती धूळ. एकाच स्पीकरमधून फरफर ऐकू येत असेल तर प्लास्टिक खाचेत नीट शिरलेलं नाही, दाब किंवा उष्णता कमी पडली. लांब धरलेला ऑर्गनचा किंवा पेटीचा सूर डोलत असेल तर मधलं भोक केंद्रापासून सरकलं आहे. ड्रमवर हे कळत नाही, धरलेल्या सुरावर लगेच कळतं.

बँडना एक विनंती आहे. स्टुडिओचे तास, लॅकर, निकेल, छपाई, वेष्टण, टपाल असे सगळे आकडे मराठीत, रुपयांत, वेष्टणाच्या मागे छापा. कुठे किती फसलं तेही लिहा: किती प्रती बाद झाल्या, कोणता लॅकर पुन्हा कापावा लागला. आणि आपल्या पुरवणीत अशा रेकॉर्डचं परीक्षण येईल तेव्हा गाण्यांच्या नावांखाली तो हिशेबही जसाच्या तसा छापावा.

— एक वाचक, ठाणे